कोपऱ्यातली फरशी आणि चार उरलेली मुले

मी एक जुनी फरशी आहे. मित्रांनो, हे मी आपणहून सांगितले नसते, तर तुम्ही कधी खाली वाकून पाहिलेही नसते. फरशीकडे कोण बघतो? आणि मी तर फरश्यांमध्येही कोपऱ्यातली. चौथीच्या वर्गात शिरलात की फळ्याच्या डाव्या हाताला, खिडकीशेजारी एक कोपरा दिसतो. तिथे मी कित्येक वर्षे बसून आहे. रंग राखाडी, लांबी दोन फूट, रुंदीही दोन फूट, आणि अंगावर एक बारीक चीर. त्या चिरेची मला मुळीच लाज वाटत नाही. का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म डोंगराच्या पोटातला. तिथे आम्ही थरावर थर अशा पडून होतो. अंधार इतका, की अंधार म्हणून काही असते हेही ठाऊक नव्हते. मग एके दिवशी खाणीतल्या माणसांनी पहारी घालून वरचा थर उचलला आणि माझ्यावर ऊन पडले. मित्रांनो, तुम्ही रोज ऊन बघता, म्हणून तुम्हाला त्याचे काही वाटत नाही. मी मात्र इतकी थक्क झाले, की मला कापले, घासले, गाडीत घातले, यातले काहीच मला नीटसे आठवत नाही. नुसते ऊन आठवते.

या वर्गात मला एका म्हाताऱ्या गवंडीबाबांनी बसवले. त्यांना काम करताना फरश्यांशी बोलायची सवय होती. त्यांनी ढिगातल्या एकेका फरशीला गुण्या लावून पाहिला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे गवंड्यांचे साधन. माझी पाळी आली तेव्हा ते खूश झाले. "वा गं माझी बाय! हिचा कोपरा केसभरसुद्धा इकडचा तिकडे नाही. चल, आधी तू. कोपरा चुकला की अख्खी खोली चुकते."

अशी मी सगळ्यांत आधी बसले. माझ्या एका कडेपासून एक रांग निघाली, दुसऱ्या कडेपासून दुसरी, आणि बघता बघता सगळी खोली भरली. मला वाटले, या वर्गाची राणी आपणच.

राणीपण फार टिकले नाही. शाळा सुरू झाली आणि मुलांचे पाय मधल्या फरश्यांवर पडू लागले. पाय पडून पडून त्या आरशासारख्या गुळगुळीत झाल्या. माझ्या वाट्याला काय आले? पेन्सिलीची टरफले, चावून टाकलेले खोडरबर आणि एक आळशी कोळी. शाळेचे शिपाईकाका रोज सकाळी झाडायला येत. त्यांचा झाडू सगळीकडे सपासप फिरे, पण माझ्याजवळ आला की जणू मी चावणारच आहे असे वळण घेऊन निघून जाई. माझ्या दोन बाजूंना दोन भिंती. मला वाटे, कुणीतरी आपल्याला शिक्षा म्हणून इथे दाबून बसवले आहे.

पुढे मला कोपऱ्यात बसण्याची शिक्षा झालेली एक सोबतीणही मिळाली.

त्या वर्षी चौथीला नव्या बाई आल्या. त्या वयाने लहान होत्या आणि आवाजाने त्याहून लहान. वर्गात मुले चव्वेचाळीस. बाईंनी पहिल्याच आठवड्यात नियम केला, की जो मध्येच बोलेल त्याने कोपऱ्यात जाऊन बसायचे. नियम सगळ्या वर्गासाठी होता, पण त्याचा लाभ एकटीनेच घेतला. तिला सगळे टकळी म्हणत. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतेच. तिचे दप्तर बाकावर आणि ती माझ्यावर, असे दिवसातून दोनतीनदा तरी होई. कोपऱ्यात बसूनही ती गप्प बसेल तर शपथ! ऐकायला कुणी नाही म्हटल्यावर ती माझ्याशीच बोले.

"ए फरशीबाई, माझे बाबा किनई मालाची मोठी गाडी चालवतात. गेले की येतच नाहीत लवकर. आई म्हणते, रस्ता संपला की येतील. पण रस्ता कुठं संपतो गं?"

मला तरी कुठे ठाऊक होते! मी डोंगरातून निघाले ती थेट इथे येऊन बसले.

एके दिवशी बाईंनी फळ्यावर एक आयत काढला. "हा आपला वर्ग. ही भिंत बारा फरश्यांची, आणि ही दहा फरश्यांची. भिंतीच्या कडेकडेनं निघायचं आणि फिरून जिथून निघालो तिथंच यायचं. त्या पूर्ण फेरीची लांबी म्हणजे परिमिती. सांगा बघू, किती?"

"बावीस!" वर्ग एका सुरात ओरडला.

"बारा आणि दहा बावीस. मग समोरच्या दोन भिंती काय पडल्या? आपलं छप्पर दोनच भिंतींवर उभं आहे का?"

मुले हसली. फळ्यावर दोनच आकडे लिहिले होते, म्हणून त्यांनी दोनच मिळवले होते. मग सगळ्यांनी मिळून हिशेब केला. बारा आणि दहा बावीस, बावीस दुणे चव्वेचाळीस. वर्गातली मुलेही चव्वेचाळीसच! बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"ऐका. या शनिवारी तुमचे आईबाबा वर्ग बघायला येणार आहेत ना? आपण चारही भिंतींवर चित्रांचा पट्टा लावू. दारावरून, खिडकीवरून, मध्ये कुठंही न तुटणारा. एका फरशीच्या मापाचं एक चित्र. प्रत्येकाचं एक!"

वर्गात जो गलका झाला तो काय सांगू! टकळी त्या दिवशी शिक्षेची वाट न बघताच माझ्याकडे पळत आली. "फरशीबाई, शनिवारी बाबा येतायत! मी आज घरी गेले की फोनवर सांगणार, भिंतीवर माझं चित्र लागणार आहे म्हणून. ते बघणार, आणि मी शेजारी उभी राहणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी उड्या मारत आली. बाबांनी फोनवर शब्द दिला होता, की चित्र लागणार असेल तर मी कसेही करून येणार.

पण त्याच दिवशी घोटाळा झाला. बाईंनी मुलांना भिंतीच्या कडेने चालत फरश्या मोजायला सांगितल्या. मुलांनी माझ्यापासून सुरुवात केली आणि फिरून माझ्यापाशी आली. आकडा आला चाळीस. पुन्हा मोजले, चाळीस. उलट दिशेने मोजले, तरी चाळीस. बाईंनी स्वतः पदर खोचून, एकेक फरशी पायाने दाबत मोजले. चाळीसच!

वर्गात एक हुशार मुलगा होता. त्याला सगळे पंडित म्हणत. तो म्हणाला, "बाई, सूत्र चुकलं असेल."

"सूत्र कसं चुकेल रे?"

"मग फरश्या चुकल्या असतील."

असा राग आला म्हणता! आम्ही चुकलो? इतक्या वर्षांत आमच्यातली एकही जागची हलली नव्हती. बाईंनी पुन्हा एक भिंत मोजली, बारा. दुसरी मोजली, दहा. फळ्यावर चव्वेचाळीस आणि जमिनीवर चाळीस. त्यांनी खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मुलांनो, मलाही कळत नाहीये."

मित्रांनो, भर वर्गात एवढ्या मुलांसमोर मोठ्या माणसाने असे म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले. त्या बाई मला तेव्हापासून आवडू लागल्या.

पण शनिवार काही थांबणार नव्हता. "डोळ्यांना चाळीस दिसतात, तर तूर्त चाळीसच धरू," बाई म्हणाल्या. "प्रत्येकानं भिंतीकडेच्या एकेका फरशीवर उभं राहा. ज्याची फरशी, त्याचं चित्र. पळा!"

मुले धावली. पंडित नेमका माझ्यावर येऊन उभा राहिला. टकळी तेवढ्या वेळात शेजारणीला बाबांच्या गाडीला किती चाके असतात ते सांगत होती. तिने वळून पाहिले तेव्हा सगळ्या फरश्या भरल्या होत्या. वर्गाच्या मधोमध चार मुले उरली. त्यात एक ती.

"तुम्ही चौघं डिंक लावायला आणि रंग द्यायला मदत करा हं," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होते. ते त्यांच्या आवाजावरून कळत होते, पण त्याने काय होते?

डबा खायच्या सुट्टीत टकळी माझ्यावर येऊन बसली. त्या दिवशी तिला कुणी शिक्षा केली नव्हती. मी वाट बघत राहिले, की आता ही बोलेल, मग बोलेल. ती बोललीच नाही. गुडघ्यात डोके घालून बसली आणि माझ्यावर दोन थेंब पडले. तिची बडबड ऐकून माझे कान किटले होते असे मी रोज म्हणे. त्या दिवशी मात्र ती बडबड ऐकायला माझा जीव आसुसला. चूक कुणाची होती? सूत्राची नव्हती, बाईंची नव्हती, आमचीही नव्हती. तरी एका मुलीचा शब्द खोटा पडणार होता. मी गवंडीबाबांना मनातल्या मनात म्हटले, बाबा, कोपरा चुकला की खोली चुकते म्हणालात, मग तुमच्याकडूनच काही चुकले का हो?

शुक्रवारी चाळीस चित्रे तयार झाली. चिकटवण्याआधी पट्टा कसा दिसतो ते बघायचे होते. चाळीस मुले आपापल्या फरशीवर, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सगळ्यांनी आपापले चित्र डोक्यावर उंच करून भिंतीला टेकवले. दारापाशी उभ्या असलेल्यांनी ते हवेतच धरले. शिपाईकाका शिडी घेऊन तयार होते. मध्ये ती चार मुले, हातात डिंकाच्या वाट्या.

आता गंमत बघा. भिंतीकडे तोंड करणाऱ्याला आपल्यापुढची भिंत तेवढी दिसते. सगळा वर्ग एका नजरेत कुणाला दिसणार? मध्ये उरलेल्यांना.

"बाई, भिंत उरलीय!" टकळी ओरडली.

"टकळे, जरा गप्प बस गं."

"पण बाई, भिंत उरलीय! तिथं! आणि तिथं पण!"

"आता कोपऱ्यात जाऊन बसायचंय का तुला?"

"हो बाई, कोपऱ्यातच!" असे म्हणून ती डिंकाची वाटी सांडत धावली ती थेट माझ्याकडे. माझ्यावर पंडित उभा होता. त्याचे चित्र खिडकीच्या भिंतीला. पण माझ्या दुसऱ्या कडेला फळ्याची भिंत होती, आणि तिथे दोन फूट भिंत उघडी, कोरी, कुणाचेच चित्र नसलेली. टकळीने पंडिताला कोपराने ढोसले. "सरक. सरक ना! तू तुझ्या भिंतीला तोंड कर. मी माझ्या."

आणि मित्रांनो, एकाच फरशीवर दोन मुले उभी राहिली. पाठीला पाठ लावून नव्हे, खांद्याला खांदा लावून. एकाचे तोंड एका भिंतीला, दुसरीचे दुसऱ्या. टकळीने रिकामा हात वर केला आणि तळवा कोऱ्या भिंतीवर ठेवला.

"बाई, ही फरशी एक आहे, पण तिला भिंती दोन लागतात. आपण हिला एकदाच मोजलं!"

बाईंनी एका कोपऱ्याकडे पाहिले, दुसऱ्याकडे पाहिले, तिसऱ्याकडे, चौथ्याकडे. चारी कोपऱ्यांत दोन दोन फूट भिंत कोरी. मग त्यांनी मध्ये उरलेल्या मुलांकडे पाहिले. तीही चारच. बाई मटकन खालीच बसल्या, चक्क जमिनीवर.

"चाळीस फरश्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि चव्वेचाळीस कडा. दोन्ही खरं होतं. आपण फरश्या मोजत होतो, भिंतीला लागलेल्या कडा मोजतच नव्हतो."

माझे काय झाले असेल, ते तुम्हीच समजा. डोंगरातून वर येताना ऊन बघितले होते, त्यानंतर इतकी थक्क मी कधीच झाले नव्हते. ज्या दोन भिंतींच्या मध्ये आपल्याला कोंबले म्हणून मी आयुष्यभर कुढत होते, त्या दोन भिंतींना धरून ठेवायचे काम माझ्याकडे होते. गवंडीबाबांनी मला आधी बसवले ते उगाच नव्हते. मनात आले, आत्ता कुणी मला गुण्या लावून बघावा!

मुलांना तर कशाचेच भान राहिले नाही. उरलेले तिघे आपापल्या कोपऱ्याकडे पळाले. मग कुणीतरी म्हणाले, हे फक्त आपल्याच वर्गात असेल. झाले, सगळी वरात सामानाच्या खोलीत गेली. ती एवढीशी खोली, तीन फरश्या बाय चार फरश्या. कडेच्या फरश्या दहा, आणि परिमिती चौदा. चारचाच फरक! मग मोठ्या सभागृहात. तिथे वीस फरश्या बाय तीस. पळत पळत मोजल्या, शहाण्णव. परिमिती शंभर. तिथेही चारच! मुले परत आली तेव्हा त्यांचे डोळे विस्फारलेले होते. पंडित माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला आणि मला बोटाने चाचपत म्हणाला, "बाई, खोली केवढी पण मोठी केली, अगदी आभाळाएवढी, तरी चारच?"

"चारच," बाई म्हणाल्या. "कोपरे चारच असतात ना रे. छोट्यालाही आणि मोठ्यालाही."

पंडिताने चारी कोपरे बोटाने मोजून पाहिले.

मग मात्र एकच धांदल उडाली. चौघांना चार कागद मिळाले. ते कापायला माप म्हणून माझाच मान. टकळीने माझ्यावरच ओणवे होऊन चित्र काढले. शिपाईकाका तो पट्टा चिकटवत चिकटवत शेवटी माझ्या कोपऱ्यात आले, आणि टकळीचे चित्र लावून उतरताना त्यांची शिडी सटकली. शिडीचा पाय दाणकन माझ्यावर आपटला. ही चीर तेव्हाची. काकांना काही झाले नाही. ते वाकून माझ्याकडे बघत म्हणाले, "अरेरे, लागलं की हिला." आणि खांद्यावरच्या फडक्याने त्यांनी मला पुसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी दुपारी आईबाबांनी वर्ग नुसता फुलून गेला. जो तो आपले चित्र दाखवत होता. टकळीची आई तान्ह्या बाळाला घेऊन येऊन गेली, पण बाबांचा पत्ता नव्हता. टकळी माझ्यावर उभी राहिली, दाराकडे डोळे लावून. एकेक घर उठून गेले. शिपाईकाकांनी बाक सरळ केले. बाई टेबलापाशी उगाच वह्या वरखाली करत बसल्या. घरी जायची त्यांची वेळ कधीच टळून गेली होती.

"बाई, तुम्ही जा," टकळी म्हणाली. "रस्ता संपला नसेल."

तेवढ्यात दारात एक धुळीने माखलेला माणूस उभा राहिला. चपला हातात घेतल्या होत्या. फरशी मळेल म्हणून! माझा तर ऊरच भरून आला.

"उशीर झाला गं, बाळा," तो म्हणाला. "तुझं कुठलं?"

मित्रांनो, दिवसभर टकळी चालवणारी ती पोर! तिने नुसते बोट वर केले. कोपऱ्याला लागूनच तिचे चित्र सुरू होत होते. त्यात एक मोठी गाडी होती, आणि गाडीखाली एक काळा रस्ता, कागदाच्या टोकापर्यंत काढलेला. शेजारच्या मुलीने तोच रस्ता आपल्या चित्रात पुढे नेला होता, तिच्या शेजारच्याने आणखी पुढे. फळ्यावरून, दारावरून, खिडकीवरून. ही सगळी करामत टकळीने शुक्रवारी संध्याकाळी, चित्रे चिकटवण्याआधी, प्रत्येकाच्या मागे लागून करवून घेतली होती.

बाबांनी तिचे बोट धरले. दोघे रस्त्याखालून चालू लागले. एक भिंत संपली, वळले. दुसरी संपली, वळले. बाबा एकेका चित्रापाशी थांबत, बघत आणि पुढे जात. असे फिरत फिरत दोघे पुन्हा माझ्यापाशी आले. रस्ता पंडिताच्या चित्रातून निघाला आणि कोपरा ओलांडून परत गाडीच्या चाकाशी येऊन मिळाला.

"अगं, आलो की आपण परत तिथंच," बाबा म्हणाले.

"तीच तर परिमिती, बाबा," टकळी म्हणाली. "रस्ता संपत नाही. फिरून घरी येतो."

तो माणूस माझ्यावरच बसला आणि त्याने तिला कुशीत घेतले. त्याच्या पाठीला एक भिंत होती, खांद्याला दुसरी. बाईंनी वह्या बाजूला ठेवल्या आणि खिडकीबाहेर बघत डोळे टिपले.

याला पुष्कळ वर्षे झाली. पट्ट्याचा कागद पिवळा पडून केव्हाच निघाला. बाई अजून चौथीलाच शिकवतात. आता त्यांचा आवाज मोठा झाला आहे आणि डोक्यावर पांढरे केस आहेत. दरवर्षी परिमितीचा धडा आला की त्या मुलांना भिंतीच्या कडेने फरश्या मोजायला लावतात. दरवर्षी चाळीस येतात. दरवर्षी बाई म्हणतात, "मलाही कळत नाहीये, बघा बरं." मी जीव मुठीत धरून बसते. आणि अजून एकही वर्ष असे गेले नाही, की कुणीतरी उशिरा का होईना, धावत येऊन माझ्यापाशी उकिडवे बसले नाही.

ऐकते आहे, की येत्या सुट्टीत नवी चकचकीत फरशी बसणार आहे. मी जाईन कुठेतरी, एखाद्या अंगणात नाहीतर पायरीखाली. वाईट वाटते, पण फार नाही. माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. माझ्या जागी जी कुणी येईल, तिच्यापर्यंत झाडू न्या. तिच्यावर कुणी गप्प बसलेले दिसले, तर क्षणभर थांबून ते काय सांगते ते ऐका. आणि फेरी मोजायला निघालात की तिच्यापाशी वाका. तिला दोनदा मोजायचे असते.